यंत्राची लाल रेघ आणि मराठी गद्य

१

लेखनाची साधने हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आमच्या काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बोरू गेला आणि टाक आला. टाक गेला आणि झरणी आली. झरणीच्या जोडीला टंकयंत्र आले. यांपैकी एकाचेही परीक्षण करण्याची आवश्यकता समीक्षकांना भासली नाही, आणि ते योग्यच होते. कारण यांतील कोणतेही साधन लिहिणाराला 'तुझे वाक्य चुकले आहे' असे सांगत नव्हते. संगणकावरील टेक्स्ट एडिटरांना जोडलेली आजची साधने मात्र हे सांगतात. शब्द अपरिचित वाटला की त्याखाली लाल रेघ उमटते. वाक्याची जुळणी खटकली की दुसऱ्या रंगाची रेघ येते. आणि लिहिणाराचा धीर अगदीच सुटला तर संपूर्ण मजकुराचे भाषांतर करून देण्याचीही त्यांची तयारी असते. जे साधन भाषेविषयी मत देते ते समीक्षेच्या कक्षेबाहेर राहू शकत नाही. मत देणाराचे मत तपासावयाचे, हाच आमचा व्यवसाय आहे.

आमच्या वाचकांना या विषयाचे महत्त्व अधिक आहे असे आम्हांस वाटते. मराठी मुलखाबाहेर शासकीय सेवेत असलेल्या गृहस्थाचा दिवस तीन भाषांत विभागलेला असतो. टिपणी इंग्रजीत, पत्रव्यवहार हिंदीत किंवा त्या त्या राज्याच्या भाषेत, आणि मराठी उरते ती घरात, गावाकडच्या पत्रात, मंडळाच्या गणेशोत्सवाच्या अहवालात आणि अशा एखाद्या मासिकात. मुंबई-पुण्याच्या लेखकाला शंका आली तर तो शेजारच्या माणसाला विचारू शकतो. गुवाहाटी, भुवनेश्वर किंवा लखनौ येथे बसलेल्या आमच्या वाचकाला विचारण्याजोगा शेजारी बहुधा नसतो. त्याचा एकमेव मराठी शेजारी म्हणजे पडद्यावरील ती लाल रेघ. तेव्हा हा शेजारी किती जाणता आहे, हे पाहून घेणे प्राप्त आहे.

२

या साधनांचा इतिहास फार जुना नाही. संगणकावर शब्दांची तपासणी करणारी व्यवस्था १९७१ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात राल्फ गोरिन यांनी सिद्ध केली. पुढे १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये, लिहीत असतानाच शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटू लागली आणि साधन सर्वांच्या परिचयाचे झाले. या सर्वांमागील कल्पना एकच : शुद्ध शब्दांची एक यादी करावयाची आणि यादीत जो शब्द सापडणार नाही तो अशुद्ध समजावयाचा. इंग्रजीसारख्या भाषेला ही कल्पना पुष्कळ अंशी पुरेशी पडते, कारण त्या भाषेत एका नामाची रूपे दोन-चारांपलीकडे जात नाहीत.

मराठीचे तसे नाही. 'घर' हा साधा शब्द घ्या. घराला, घराने, घराचा, घरात, घराहून, घरासाठी, घरापासून, घरापर्यंत, घरामुळे, घरासमोर अशी दहा रूपे सहज सुचतात. एकवचन-अनेकवचन धरले की ती वीस होतात. प्रत्येकाच्या शेवटी 'च' येऊ शकतो, 'ही' येऊ शकतो किंवा काहीच नसते. म्हणजे साठ झाली. आणि 'घरासमोरच्यांनासुद्धा' यासारखे रूप या हिशेबात अद्याप आलेलेच नाही! अशा प्रत्येक नामाची साठसाठ, शंभरशंभर रूपे यादीत लिहून काढणे हे काम अशक्य नसले, तरी भाषेच्या स्वभावाला धरून नाही. मराठी शब्द कोशातून तयार होऊन येत नाही. तो वाक्यात येता येता घडतो.

ही अडचण आपल्या एकट्याची नव्हे. हंगेरियन भाषाही प्रत्ययांवर प्रत्यय चढविणारी आहे, आणि म्हणूनच या प्रश्नाला पहिले समंजस उत्तर हंगेरीतून मिळाले. लास्लो नेमेथ यांनी आपल्या भाषेसाठी रचलेली 'हनस्पेल' ही व्यवस्था आज लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम इत्यादी अनेक ठिकाणी काम करते. तीत दोन फाइली असतात : एकीत मूळ शब्द, दुसरीत त्यांना प्रत्यय कसे लागतात याचे नियम. म्हणजे येथे यादीच्या जोडीला व्याकरण आले. शब्दाच्या शेवटचे दोन प्रत्यय एकामागून एक सोडवून मूळ शब्द ओळखण्याची सोय तीत आहे, आणि तिच्या आधीच्या साधनांपेक्षा ही मोठीच प्रगती होय. मराठीतही हनस्पेलसाठी शब्दसंग्रह तयार झाला आहे. ज्यांनी तो निरपेक्षपणे केला त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु वर उल्लेखिलेल्या 'घरासमोरच्यांनासुद्धा' या शब्दात सांधे किती आहेत ते मोजून पाहावे. घर, त्याचे सामान्यरूप, मग 'समोर', मग 'चा'चे सामान्यरूप अनेकवचनी, मग 'ना', मग 'सुद्धा'. दोन सांधे उकलणाऱ्या किल्लीने हे कुलूप उघडत नाही. ज्यांनी नियम लिहिले त्यांना अशा साखळ्या अगोदर जोडून ठेवाव्या लागतात, आणि जी साखळी त्यांना सुचली नाही तिच्याखाली लाल रेघ येते. येथे एक गोष्ट वाचकांनी मनाशी पक्की धरावी अशी आमची विनंती आहे. लाल रेघेचा अर्थ 'हे चूक आहे' असा नसून 'हे माझ्याकडे नोंदलेले नाही' एवढाच आहे. आपल्या कचेऱ्यांतील आवक-जावक नोंदवहीचा अनुभव असणारांना या दोन वाक्यांतील अंतर समजावून सांगावयास नको.

३

तथापि समजा, नोंद परिपूर्ण झाली. मग तरी हे यंत्र शुद्धाशुद्धाचा निवाडा करू शकेल काय? येथे आपण यंत्राकडून आपल्या लेखननियमांकडे येतो, आणि दोष सगळा यंत्राच्या माथी मारणे अवघड होऊन बसते.

मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केले व १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. या नियमांप्रमाणे 'गरीब' या शब्दाचे सामान्यरूप होताना उपान्त्य ईकार ऱ्हस्व होतो : गरिबाला. वकील, वकिलाला, विहीर, विहिरीत, नागपूर, नागपुरास. परंतु 'शरीर' या शब्दाचे रूप 'शरीराला' असेच राहते, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे. आता 'गरीब' आणि 'शरीर' या दोन शब्दांच्या अक्षरांकडे पाहून, पहिला अरबीतून आला व दुसरा संस्कृतातून, हे यंत्राने कसे ओळखावे? ते अक्षरांत दिसत नाही. ते शब्दाच्या चरित्रात असते. यासाठी प्रत्येक शब्दापुढे त्याचे कूळ नोंदवावे लागते. आपला नियम असा आहे की तो पाळण्यासाठी लिहिणाराला व्युत्पत्ती ठाऊक असावी लागते. माणसांची जी गोष्ट तीच यंत्राची. कवी दीर्घ लिहावा पण कविराज ऱ्हस्व लिहावा, गुरू दीर्घ पण गुरुवर्य ऱ्हस्व, ही तशीच दुसरी जागा. येथे यंत्र चुकते तेव्हा पदवीधर मराठी माणूसही त्याच्या सोबतीला असतो.

याउलट काही जागा अशा आहेत की तेथे यंत्राची मदत मनःपूर्वक स्वीकारावी. आपल्या पिढीला शाळेत शिकविलेले ऱ्हस्व-दीर्घ पंचवीस वर्षांच्या परप्रांतातील नोकरीत झिजून गेलेले असते. 'आणि' दीर्घ लिहिला, 'विहीर' ऱ्हस्व लिहिली, तर रेघ उमटते व हात सावरतो. हे उपकार लहान नव्हेत. ज्यांना ते क्षुद्र वाटतात त्यांनी आपली जुनी पत्रे काढून पाहावीत.

एका खास मराठी अक्षराचा प्रश्न मात्र आपल्या अधिकारी वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा वाटेल, कारण तो 'अधिकाऱ्यास' या शब्दातच दडलेला आहे. 'आचार्यास' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. हा भेद देवनागरी लिहिणाऱ्या मराठी माणसाला महत्त्वाचा आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही. परिणाम असा की हिंदीच्या सोयीने मांडलेल्या कळफलकावर 'ऱ्य' कसा उमटवावा हे पुष्कळांना सापडत नाही आणि 'अधिकार्यास' असा शब्द कागदावर उतरतो. शिवाय संगणकाच्या पोटात हे अक्षर दोन वेगवेगळ्या सांकेतिक पद्धतींनी साठविता येते. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. मग अगदी बिनचूक लिहिलेल्या 'अधिकाऱ्यास'च्या खालीही लाल रेघ येते व सालस लेखक आपला बरोबर शब्द पुसून चुकीचा लिहितो. यंत्राचा खरा धोका असा साधा आणि नित्याचा असतो.

आता प्रश्न उरतो तो भूतकाळाचा. १९६२ पूर्वीचे गद्य 'नाहीं', 'कांहीं', 'त्यांत', 'केलें' अशा अनुस्वारांनी भरलेले आहे. टिळकांचे 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे कोणतेही मूळ पान या यंत्रापुढे ठेवले तर रेघांनी रंगून जाईल. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चे. मराठीच्या सर्वांत चिकित्सक व्याकरणकाराच्या ग्रंथालाही तीच शिक्षा होईल. यंत्राला काळ नसतो, फक्त नियम असतो. मुलखाबाहेरच्या मराठीची गत याहून वेगळी नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीने १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात मराठीसह अनेक भाषांतील राज्यव्यवहाराच्या संज्ञांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' १९३१ मध्ये निघाला. ही मराठी आपल्या पूर्वसूरींची आहे. ती घडविणारे लोक आपल्यासारखेच मराठी मुलखापासून दूर बसून राज्यकारभार करीत होते. तिच्यातील शब्द आजच्या यादीत नाहीत म्हणून ती अशुद्ध ठरत असेल, तर यादी अपुरी आहे असेच आम्ही म्हणू.

४

शब्द सुटा तपासणे आणि वाक्य तपासणे यांत फार अंतर आहे. वाक्य तपासणाऱ्या साधनांपैकी 'लँग्वेजटूल' हे साधन आमच्या मते सर्वांत प्रामाणिक म्हणावे लागेल. डॅनिएल नाबर यांच्या २००३ मधील बीलेफेल्ड विद्यापीठातील प्रबंधातून ते निघाले. तीत चुकीचे नमुने एकेक करून लिहिलेले असतात : अमुक प्रकारच्या शब्दापुढे तमुक प्रकारचा शब्द आला तर हा इशारा द्यावा. प्रत्येक नियम उघडून वाचता येतो. तो का लागला हे कळते. पटला नाही तर बंद करता येतो. न्यायाधीशाने कारणांसह निकाल द्यावा तसे हे आहे.

मराठीसाठी असे नियम कोणी लिहावयास बसला तर त्याच्यापुढे पहिली अडचण लिंगाची येईल. सचिवांनी आदेश दिला, आज्ञा दिली, निवेदन दिले : कर्ता तोच, कृती तीच, पण क्रियापद कर्माच्या मागे जाते. म्हणजे प्रत्येक नामाचे लिंग यंत्राला ठाऊक हवे. आणि परप्रांतातील मराठी कुटुंबात सर्वांत आधी ढासळते ते लिंगच. हिंदीत 'सरकार' स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी, 'आवाज' हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी, 'विजय' तसाच, 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. हिंदी भाषक प्रदेशात वाढलेली आपली मुले 'नवी सरकार आली' आणि 'मोठी आवाज झाली' म्हणतात ते याचमुळे. या वाक्यांतील प्रत्येक शब्द यादीत आहे. लाल रेघ येथे मुकी राहते.

याहून खोल जागा समान शब्दांची आहे. आमच्या वाचकांनी आपल्याच लेखणीकडे जरा बारकाईने पाहावे. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. मराठीत संशोधन म्हणजे शोध घेणे. 'विधेयकात संशोधन झाले' असे मराठीत लिहिले तर विधेयकात प्रयोगशाळा थाटल्यासारखे होते. हिंदीत 'शिक्षा' शाळेत मिळते. मराठीत ती न्यायालयात मिळते. हिंदीत 'अवकाश' मंजूर होतो. मराठीत रजा मंजूर होते आणि अवकाश आकाशात असतो. हिंदीतील 'यंत्रणा' यातना देते. मराठीतील यंत्रणा कारभार चालविते, आणि या दोहोंत फरक नाही असे म्हणणारे रसिक आपल्या खात्यांत भेटतीलच. हिंदीत 'आपत्ति' म्हणजे बहुधा हरकत, मराठीत आपत्ती म्हणजे संकट. हिंदीतील 'चेष्टा' प्रयत्न, मराठीतील चेष्टा थट्टा. हिंदीतील 'संसार' जग, मराठीतील संसार घर. 'व्यस्त' हा शब्द मराठीत व्यस्त प्रमाणापुरता होता. आता तो 'कामात गढलेला' या अर्थाने इतका रुळला आहे की त्याला हाकलणे कठीण.

या सर्व वाक्यांना यंत्र निर्दोष ठरविते. त्यांतील वर्ण बरोबर, प्रत्यय बरोबर, जुळणीही बरोबर. फक्त भाषा दुसरी. एखादा माणूस आपल्या घरात शिरून आपल्याच कपड्यांत वावरू लागावा आणि पहारेकऱ्याने कपडे ओळखून त्याला सलाम करावा, तशी ही स्थिती आहे. मराठीला आज भीती चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाची नाही. बरोबर ऱ्हस्व-दीर्घ असलेल्या परक्या वाक्याची आहे. ती भीती आपल्यासारख्या दुभाषी व त्रिभाषी लोकांच्या लेखणीतूनच आत येते, हे आपण मान्य केले पाहिजे.

५

भाषांतराच्या यंत्रांकडे वळू या. ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे जॉर्जटाउन विद्यापीठ व आयबीएम यांनी साठांहून अधिक रशियन वाक्यांचे यंत्राकडून इंग्रजी भाषांतर करवून दाखविले. शब्दसंग्रह अडीचशे शब्दांचा, नियम सहा. काही वर्षांतच हा प्रश्न सुटेल अशी आशा त्या वेळी बोलून दाखविली गेली. १९६६ च्या आल्पाक समितीच्या अहवालाने ती आशा मोडली. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने शासकीय इंग्रजीचे हिंदी भाषांतर करणारी 'मंत्र' ही व्यवस्था सिद्ध केली. तिने आपले क्षेत्र अधिसूचना, कार्यालयीन आदेश अशा ठरावीक मजकुरापुरते मर्यादित ठेवले, आणि या मर्यादेतच तिचे शहाणपण होते. पुढे राजभाषा विभागासाठी 'कंठस्थ' आले. त्याची पद्धत निराळी : एकदा झालेले भाषांतर स्मृतीत साठवावयाचे आणि तेच किंवा त्यासारखे वाक्य पुन्हा आले की समोर ठेवावयाचे. राजभाषेच्या कामातील वाचकांना याचा उपयोग सांगावयास नको. दरवर्षी तेच परिपत्रक नव्याने भाषांतरित करण्याचा कंटाळा ज्याने अनुभवला आहे तो या साधनाला नावे ठेवणार नाही.

मराठीच्या वाट्याला यंत्रभाषांतर प्रामुख्याने सर्वसाधारण साधनांतून आले. गुगलच्या भाषांतरसेवेत मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला. २०१७ पासून तेथे न्यूरल पद्धत आली आणि वाक्ये पुष्कळच सफाईदार झाली. २०२२ मध्ये केंद्र शासनाने 'भाषिणी'चा आरंभ केला; २०२३ मध्ये मद्रास आयआयटीच्या 'एआयफॉरभारत' या गटाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांसाठी 'इंडिकट्रान्स२' प्रसिद्ध केले. प्रगती निःसंशय आहे. तथापि एक दोष बराच काळ या मार्गात ठाण मांडून बसला : एका भारतीय भाषेतून दुसरीत जाताना मजकूर पुष्कळदा इंग्रजीच्या मध्यस्थीने जात असे. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्यासाठी लंडनचा दुभाष्या बोलवावा तसे हे.

यात काय हरवते ते पाहण्यासाठी एकच वाक्य पुरे. 'हम कल बैठक में मिलेंगे' हे हिंदी वाक्य घ्या. हिंदीच्या 'हम'मध्ये ऐकणारा आहे की नाही हे वाक्यावरून कळत नाही. इंग्रजीतही कळत नाही. मराठीत मात्र 'आपण उद्या बैठकीत भेटू' आणि 'आम्ही उद्या बैठकीत भेटू' यांत सारा मामला बदलतो. पहिल्या वाक्यात ऐकणाराला निमंत्रण आहे, दुसऱ्यात तो वगळला गेला आहे. ज्या भाषेने 'आम्ही' आणि 'आपण' यांत भेद केला तिने माणसांच्या संबंधाविषयी काही तरी ठरविले होते. तो निर्णय इंग्रजीच्या दारातून जाताना गळून पडतो. आदरार्थाची कथा अशीच. पुष्कळ मराठी घरांत आईला 'अगं' आणि वडिलांना 'अहो' म्हणतात. 'आई आली' आणि 'वडील आले' हेच नैसर्गिक. हिंदीतील आदरार्थी आई इंग्रजीतून फिरून मराठीत आली की तिला आपल्याच घरात पाहुणी होऊन बसावे लागते, किंवा वडिलांना एकेरीवर यावे लागते.

अलीकडची मोठी भाषायंत्रे अशा चुका पुष्कळ कमी करतात, आणि आगामी काळात त्या आणखी कमी होतील, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ज्या समीक्षकाची टीका यंत्राच्या आजच्या चुकांवर उभी असेल त्याची टीका उद्या कोसळेल. आमचा आक्षेप या चुका दुरुस्त झाल्यावरही उरतो.

६

हा आक्षेप समजण्यासाठी ही यंत्रे मराठी कोणाकडून शिकली ते पाहावे लागेल. न्यूरल पद्धतीत कोणी व्याकरण सांगत नाही. एकाच मजकुराच्या दोन भाषांतील जोड्या लाखोंनी दाखवितात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'समानांतर' या संग्रहात इंग्रजी व अकरा भारतीय भाषा यांच्या सुमारे ४ कोटी ९७ लाख वाक्यजोड्या होत्या, आणि मराठी त्या अकरांपैकी एक. अशा जोड्या मिळावयाच्या कोठून? कादंबऱ्या व काव्ये यांची वाक्यजोडीला वाक्यजोडी अशी भाषांतरे थोडी. विपुल असते ते शासकीय साहित्य : पत्र सूचना कार्यालयाची निवेदने, पंतप्रधानांच्या संकेतस्थळावरील भाषणे व वृत्ते. यंत्रशिक्षणासाठी जे संग्रह झाले त्यांत या मजकुराचा वाटा आहे.

म्हणजे यंत्राचे मराठीचे मास्तर कोण? काही प्रमाणात आपणच! ज्या गद्यात 'शासनाने निर्णय घेतला' असे म्हणावयाचे तेथे 'शासनाद्वारे निर्णय घेण्यात आलेला आहे' असे लिहिले गेले, ते गद्य यंत्राने निष्ठेने आत्मसात केले. 'च्या द्वारे', 'च्या अंतर्गत', 'सुनिश्चित करणे', 'च्या संदर्भात' हे सारे यंत्राचे शोध नव्हेत. यंत्र जन्मण्यापूर्वीच ते आपल्या फाइलींत वस्तीला होते. घाईने केलेले, पाच वाजण्यापूर्वी संपवावयाचे, कोणी वाचणार नाही अशा समजुतीने पाठविलेले प्रत्येक भाषांतर कोणी तरी वाचत होते. तो वाचक यंत्र होता, आणि त्याने एकही अक्षर विसरले नाही.

आता वर्तुळ पूर्ण होते. यंत्र ते गद्य शिकते. नवा कारकून यंत्राकडून भाषांतर घेतो. ते प्रसिद्ध होते. पुढचे यंत्र तेच पुन्हा शिकते. प्रत्येक फेरीत वाक्य अधिक गुळगुळीत होते आणि मराठी अधिक पातळ होते. त्यात चूक दाखवावयास जागा सापडणार नाही. वाक्यात कोणी बोलत आहे असे मात्र वाटणार नाही. भाषा मरते ती नेहमीच अशुद्धतेने मरते असे नाही. सगळ्यांचे गद्य एकाच माणसाने लिहिल्यासारखे झाले म्हणजेही तिचा श्वास थांबतो.

राज्यकारभाराच्या मराठीवर असा प्रसंग पूर्वीही येऊन गेला आहे. शिवकाळात फारसी शब्दांनी कारभाराची भाषा व्यापली तेव्हा रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला. त्यातील सगळे शब्द टिकले नाहीत. पुष्कळ फारसी शब्द आजही आपल्या जिभेवर सुखाने नांदत आहेत, आणि 'अर्ज', 'तारीख', 'हुकूम' यांना परके म्हणण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. त्या कोशाची शिकवण शब्दांत नसून वृत्तीत आहे. कारभाराची भाषा कशी असावी याचा विचार कारभार करणारांनी करावयाचा असतो, तो आपोआप होणाऱ्या गोष्टींवर सोडावयाचा नसतो, ही ती वृत्ती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, त्याचा आनंद सर्वांना झाला. परंतु अभिजातपणा प्राचीन ग्रंथांनी सिद्ध होतो आणि टिकतो तो मात्र आजच्या पत्रांनी व परिपत्रकांनी.

या साधनांचा त्याग करावा असे आम्ही म्हणत नाही. ते शक्य नाही व इष्टही नाही. आमच्या वाचकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही की लाल रेघ हा प्रश्न समजावा, निकाल समजू नये. शब्द बरोबर असल्याची खात्री असेल तर तो यंत्राच्या शब्दसंग्रहात जोडण्याची सोय बहुतेक साधनांत असते. आपल्या आजीचे, आपल्या तालुक्याचे, बडोद्या-ग्वाल्हेरचे शब्द त्यात जोडावेत. दुसरी ही की मराठी मजकूर प्रथम मराठीतच लिहावा आणि मग त्यावर यंत्राची नजर फिरवावी. हिंदीत लिहून मराठी करवून घेऊ नये. सुचण्याची भाषा एकदा बदलली की दुरुस्तीने ती परत येत नाही. तिसरी ही की भाषांतराच्या स्मृतीत जाणारे वाक्य मोठ्याने वाचून मगच मान्य करावे. त्या वाक्यावर आपली सही नसते हे खरे, पण ते आपल्या सहीपेक्षा अधिक काळ टिकणार आहे.

साधन म्हणून ही यंत्रे आम्हांस उपयुक्त वाटतात. शिक्षक म्हणून अपुरी वाटतात. आणि लेखक म्हणून ती अद्याप आपल्याच वाईट गद्याची नक्कल करीत आहेत असे आमचे मत आहे. ही नक्कल सुधारावयाची असेल तर मूळ सुधारणे भाग आहे. ते मूळ पुण्यात किंवा मुंबईत नाही. ज्या टेबलावर इंग्रजी परिपत्रक मराठी होण्याची वाट पाहत पडले आहे, त्या टेबलावर ते आहे.